‘नीती’ म्हणजे नेमके काय? एका शब्दाचा प्रवास

पंचतंत्रातील दमनकाला शिक्षा का होत नाही, हा प्रश्न आपल्याला कधी पडला आहे काय?

गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. पिंगलक नावाचा सिंह आणि संजीवक नावाचा बैल यांची मैत्री दमनक या कोल्ह्यानेच घडवून आणली. मैत्री इतकी दृढ झाली की दरबारात दमनकाला कोणी विचारीनासे झाले. मग त्याने दोघांच्याही कानी लागून परस्परांविषयी संशय पेरला. सिंहाने बैलाला ठार केले. करटक या दुसऱ्या कोल्ह्याने दमनकाची पुष्कळ निर्भर्त्सना केली, परंतु कथेच्या शेवटी दमनक मंत्रिपदावर आरूढ होतो आणि राज्यकारभार पुढे चालू राहतो. निरपराध संजीवकाच्या बाजूने कोणीही उभे राहत नाही. आणि ज्या ग्रंथात ही कथा येते, तो ग्रंथ स्वतःला नीतिशास्त्र म्हणवितो!

आज ‘नीती’ म्हटले की आपल्या मनात सदाचार, सचोटी, चारित्र्य असे शब्द उभे राहतात. त्या अर्थाने पाहिले तर दमनकाची कथा ही अनीतीची कथा ठरते. मग विष्णुशर्म्याने अमरशक्ती राजाच्या तीन मुलांना ती का शिकवली? याचे उत्तर शोधायचे, तर या शब्दाचा इतिहास पाहावा लागतो. आजची मालिका त्यासाठीच आहे. ती थोडी लांब आहे, सवडीने वाचावी.

प्रथम शब्दाची घडण पाहू. ‘नी’ या संस्कृत धातूचा अर्थ नेणे. आपण रोज वापरतो ते ‘नेणे’ हे मराठी क्रियापद याच धातूचे. जो पुढे नेतो तो नेता आणि नायक. जो वस्तूपर्यंत नेतो तो नेत्र. गुरूच्या समीप नेणे ते उपनयन, अग्नीभोवती नेणे तो परिणय. या कुळातील ‘नीती’ म्हणजे नेण्याची रीत. कोठे न्यायचे, हे त्या शब्दात मुळात सांगितलेले नाही. राज्य नीट चालविणे, संकटातून स्वतःला सुखरूप बाहेर काढणे, शत्रूला नको त्या वाटेला लावणे, ही सारी नीतीच. चांगुलपणा हा तिचा एक संभाव्य भाग होता, अनिवार्य मात्र नव्हता.

म्हणूनच कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आन्वीक्षिकी, त्रयी आणि वार्ता यांच्या जोडीला चौथी विद्या येते ती ‘दंडनीती’. महाभारतात धृतराष्ट्राला सन्मार्गाचा उपदेश करणाऱ्या विदुराचे बोल ‘विदुरनीती’ म्हणून प्रसिद्ध आहेत, आणि त्याच धृतराष्ट्राला पांडवांचा कपटाने काटा काढण्याचा सल्ला देणाऱ्या कणिकाचे बोलही ‘कणिकनीती’ म्हणूनच ओळखले जातात. एकाच राजाला मिळालेले दोन विरुद्ध सल्ले, आणि नाव दोहोंनाही तेच. जुन्या वाचकाला यात काही विसंगत वाटले नसावे. आचरण योग्य की अयोग्य हा प्रश्न ‘धर्म’ या शब्दाच्या कक्षेत येत असे. नीतीच्या कक्षेत येई तो प्रश्न एवढाच, की हे साधेल कसे?

पंचतंत्राची पुढची हकिगत या दृष्टीने फार बोलकी आहे. सहाव्या शतकात इराणचा सम्राट खुस्रो याच्या काळात बुर्झोय नावाच्या वैद्याने हा ग्रंथ पहलवी भाषेत नेला. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा याने तो अरबीत आणला. करटक-दमनकांच्या नावांवरून त्या ग्रंथाचे नाव पडले ‘कलीला व दिम्ना’. परंतु अरबी ग्रंथात एक प्रकरण अधिक आहे. त्यात दिम्नाची रीतसर चौकशी होते, साक्षीपुरावे होतात आणि अखेर त्याला देहदंड मिळतो. हे प्रकरण मूळ संस्कृतात नाही. ते इब्न अल्-मुकफ्फानेच जोडले, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. कपटी मंत्री सुटला, ही गोष्ट नव्या वाचकवर्गाला पचली नसावी. जगातल्या एका अत्यंत लोकप्रिय ग्रंथात नीती आणि नैतिकता यांमधली फट अशी एका जादा प्रकरणाने बुजवली गेली. एका भाषांतरकाराने न्यायाधीशाची भूमिका बजावावी, हे मला तरी मोठे मनोहर वाटते.

आता मराठीकडे वळू.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. शिवकाळात किंवा पेशवाईत सामान्य माणूस चांगल्या-वाईटाची चर्चा ‘नीती’ या शब्दाने करीत असे, असे आपण सहज गृहीत धरतो. ऐतिहासिक चित्रपटांतील पात्रे तर दर दुसऱ्या वाक्यात ‘नीती’ उच्चारतात. वास्तविक त्या काळच्या पत्रांत आणि महजरांत भेटणारी नैतिक शब्दसंपत्ती वेगळीच आहे. तेथे ‘इमान’ आहे आणि ‘बेइमान’ आहे. ‘निमकहराम’ आहे. ‘कौल’ आणि ‘अभय’ आहे. बेलभंडार उचलून घेतलेली शपथ आहे. वतनाच्या तंट्यात गोतापुढे खरे बोलण्याची जबाबदारी आहे, आणि निवाडा होईनासा झाला तर ‘दिव्य’ आहे. ‘इमानेइतबारे चाकरी केली’ असे आपण आजही म्हणतो, त्यातले ‘इमान’ आणि ‘इतबार’ हे दोन्ही शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत. रयतेची नैतिकता या शब्दांत वसत होती, आणि ती प्रायः कोणाशी तरी बांधलेली होती. धन्याशी इमान, गोताशी खरेपणा, दिलेल्या शब्दाला जागणे. अमूर्त, सर्वांना सारखी लागू होणारी ‘नीती’ त्या कागदांत शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही.

मग ‘नीती’ कोठे होती? ती होती पंडितांच्या आणि मुत्सद्द्यांच्या ग्रंथांत. भर्तृहरीचे ‘नीतिशतक’ वामन पंडितांनी सतराव्या शतकात मराठीत आणले. संभाजीराजांच्या नावावर असलेल्या ‘बुधभूषण’ या संस्कृत ग्रंथात राजनीतीचे विवेचन आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील ‘आज्ञापत्र’ आणि पुढे मल्हार रामराव चिटणिसांची ‘राजनीति’ हे ग्रंथ त्याच परंपरेतले. आज्ञापत्रात गडकोटांची, आरमाराची, सावकारांशी कसे वागावे याची चर्चा येते, तशीच आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेची झाडे तिला राजी केल्याशिवाय तोडू नयेत अशी ताकीदही येते. आज आपण ती ताकीद नैतिकतेचा नमुना म्हणून वाचतो. अमात्यांच्या लेखी ती राज्य टिकविण्याच्या शहाणपणाचाच भाग होती. या दोन गोष्टी त्यांना वेगळ्या वाटत होत्या, असे त्यांच्या मजकुरावरून दिसत नाही.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या अकराव्या दशकात एक संपूर्ण समास ‘राजकारणा’ला वाहिला. हा शब्द मराठीने घट्ट धरून ठेवला. परिणाम असा, की हिंदी भाषक ज्याला राजनीती म्हणतात त्याला आपण राजकारण म्हणतो; ते विदेश नीती म्हणतात तेथे आपण परराष्ट्र धोरण म्हणतो. राज्यघटनेच्या चौथ्या भागाचे नाव हिंदीत ‘राज्य की नीति के निदेशक तत्त्व’ असे आहे आणि मराठीत ‘राज्य धोरणाची निदेशक तत्त्वे’. ‘राजकारण’ आणि ‘धोरण’ या दोन शब्दांनी नीतीच्या खांद्यावरचे जुने ओझे उतरवून घेतले, म्हणूनच मराठीत ती सदाचाराच्या अर्थाला जवळजवळ सर्वस्वी मोकळी झाली, असे माझे मत आहे. हिंदीत ती दोन्ही ओझी आजही वाहते आहे.

(एक अवांतर. या लेखात कोठे ‘नीती’ तर कोठे ‘नीतिमत्ता’, असे दीर्घ-ऱ्हस्व पाहून कोणी बुचकळ्यात पडू नये. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनुसार शब्दाच्या अंती येणारा इकार दीर्घ, आणि समासाच्या पूर्वपदी मात्र संस्कृतातला ऱ्हस्व कायम. जुन्या पुस्तकांत सर्वत्र ‘नीति’च आढळेल.)

हा अर्थबदल घडला तो एकोणिसाव्या शतकात, आणि त्याची सुरुवात प्राण्यांच्या गोष्टींनीच झाली. तंजावरच्या सरफोजीराजांनी आपल्या छापखान्यातून शतकाच्या पहिल्या दशकात ‘बाळबोध मुक्तावली’ छापविली. त्यात ग्रीक इसापाच्या कथा होत्या. मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ च्या सुमारास इसापाच्या कथा मराठीत आणल्या, आणि त्यांचे नाव रूढ झाले ते ‘इसापनीती’. नाव जुन्या परंपरेतले, विदुरनीती-शुक्रनीतीच्या चालीवर. आतला माल मात्र निराळा होता. प्रत्येक कथेच्या खाली ‘तात्पर्य’ छापलेले, आणि ते शाळकरी मुलाने पाठ करावयाचे. पंचतंत्र राजपुत्रांसाठी होते. इसापनीती कंपनी सरकारच्या अमलातील शाळेत बसलेल्या कोणत्याही मुलासाठी होती. त्या मुलाला राज्य चालवायचे नव्हते, त्याने खोटे बोलू नये, लोभ धरू नये, एवढीच अपेक्षा होती. राज्य गेले आणि नीती उरली ती वर्तनापुरती, असे म्हटले तर ते थोडे कठोर होईल, परंतु अगदी चूक होणार नाही.

याच सुमारास मिशनऱ्यांनी पुराणांतील कथांवर हल्ला चढविला, आणि त्यांचे शस्त्र हेच होते. लोणी चोरणारा कृष्ण नीतिमान कसा, असा त्यांचा प्रश्न असे. उत्तर देणाऱ्या शास्त्र्यांनाही मग त्याच शब्दाच्या मैदानात उतरावे लागले. पाहता पाहता नीती ही धर्माला तपासून पाहण्याची कसोटी बनली. १८६२ साली मुंबईत गाजलेल्या महाराज लायबल खटल्यात हे उघडपणे घडले. करसनदास मुळजी यांनी वल्लभ संप्रदायातील महाराजांच्या अनाचारावर लिहिले, महाराजांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे नामांकित वैद्य साक्षीला उभे राहिले. जे नीतीच्या दृष्टीने गैर ते धर्माच्या दृष्टीने योग्य असू शकत नाही, हे तत्त्व त्या न्यायालयात मांडले गेले. शंभर वर्षांपूर्वी हे वाक्य मराठीत नुसते भाषांतरित करणेही अवघड गेले असते.

परंतु कसोटी हाती आली की ती कोणावर लावायची, हा प्रश्न उभा राहतो. या शब्दाच्या इतिहासातले सर्वांत वेदनादायक पान येथे आहे.

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर नवजात अर्भकाच्या हत्येचा खटला चालला. तिला फाशीची शिक्षा झाली; पुढे ती जन्मठेप काळ्या पाण्यावर आली आणि अखेर पाच वर्षांच्या कैदेपर्यंत कमी करण्यात आली. वृत्तपत्रांत चर्चेचे मोहोळ उठले. स्त्रियांची नीती ढासळली आहे, नव्या काळाने त्यांना बिघडवले आहे, असा सूर अनेकांनी लावला. ‘पुणे वैभव’ त्यांत होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की या मजकुरात नीतीचा अर्थ आकुंचित होऊन एकाच गोष्टीवर येऊन थांबला होता. पुरुषाने लाच खाल्ली, खोटी साक्ष दिली, कर्ज बुडविले, तर तो लबाड. स्त्रीची नीती म्हणजे मात्र तिचे शरीर.

या चर्चेला बुलढाण्याहून उत्तर आले. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे छोटेखानी पुस्तक पुण्यात छापवून घेतले. त्यांचा प्रश्न साधा होता. जे दोष स्त्रियांच्या माथी मारले जातात, ते पुरुषांत नाहीत काय? विधवेला फसविणारा कोण? तिचे पुनर्लग्न अडविणारा कोण? आणि पोटच्या गोळ्याचा गळा दाबण्याची वेळ तिच्यावर आणून पुन्हा तिलाच शिक्षा फर्मावणारा कोण? ताराबाईंची भाषा पंडिती नाही. ती घरातली, चुलीपुढची, प्रसंगी शिवराळ भाषा आहे. म्हणूनच ती बोचते. नीतीचे माप दोघांना एकच असावे, ही मागणी मराठी गद्यात इतक्या रोखठोक रीतीने त्यापूर्वी कोणी केली होती, असे मला आढळलेले नाही. समकालीनांनी पुस्तकाची हेटाळणी केली. ‘सत्सार’मधून जोतीराव फुले यांनी त्यांची पाठराखण केली. नंतर हे पुस्तक विस्मृतीत गेले, आणि थेट १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले.

जोतीरावांचा पाठिंबा नुसता शाब्दिक नव्हता. विजयालक्ष्मीच्या खटल्याच्या अठरा वर्षे आधी, १८६३ मध्ये, त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. विधवेने गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल हवे तर न्यावे, नाही तर तेथेच ठेवावे. अशाच एका मातेचा मुलगा यशवंत या दांपत्याने दत्तक घेतला. ज्या समाजाच्या लेखी हे गृह अनीतीचे आश्रयस्थान होते, त्या समाजालाच ते नीतीचा अर्थ विचारीत होते.

फुल्यांच्या लेखनात हा शब्द मध्यवर्ती आहे. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’च्या आरंभी अविद्येच्या अनर्थांची जी प्रसिद्ध साखळी येते, तीत मतीनंतर लगेच नीती येते, आणि तिच्या मागोमाग गती व वित्त. हा क्रम लक्षपूर्वक पाहावा. येथे नीती ही वरून सांगितलेली आज्ञा नाही. ती बुद्धीतून निपजते, आणि बुद्धी विद्येतून. ज्याला विद्या नाकारली त्याची नीती गेली असेल, तर दोष नाकारणाऱ्याचा आहे. पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिले. ते त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातही नीतीवर स्वतंत्र संवाद आहे, आणि सत्य वर्तन करणारा कोणाला म्हणावे याची तेहतीस कलमे आहेत. त्या कलमांत स्त्री आणि पुरुष दोघांचाही उल्लेख वारंवार येतो. हे सहज घडलेले नाही.

आगरकरांनी ‘सुधारक’मधून आणखी एक पाऊल पुढे टाकले. नीतीला देवाचा टेकू लागतोच असे नाही, ही त्यांची भूमिका. टिळकांचा पिंड वेगळा. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ते मिल, स्पेन्सर, कांट, ग्रीन यांच्याशी वाद घालतात, पण मला त्यातली एक छोटी नोंद अधिक मोलाची वाटते. प्राचीन संस्कृत ग्रंथांत नीती हा शब्द विशेषेकरून राजनीतीसाठी येतो, कर्तव्य-अकर्तव्याच्या विचाराला तेथे धर्मशास्त्र म्हणतात, हे टिळक स्पष्ट सांगतात, आणि आता नीतीचा अर्थ व्यापक झाला आहे हे मान्य करून पुढे जातात. अर्थात, शब्द कूस बदलतो आहे याची जाणीव त्या पिढीला होती. चारच वर्षांनी, १९१९ मध्ये, वामन मल्हार जोशी यांचा ‘नीतिशास्त्र-प्रवेश’ आला, तेव्हा नीतिशास्त्र म्हणजे दंडनीती असा समज कोणा मराठी वाचकाचा झाला नाही.

जुना अर्थ मेला मात्र नाही. तो समासांत दडून बसला. ‘रणनीती’, ‘कूटनीती’ हे शब्द वापरताना त्यांत सदाचार असावा अशी कोणाचीच अपेक्षा नसते. ‘नीतिधैर्य’ तर आता क्रिकेटच्या वार्तांकनात सापडते. सलामीचे तीन फलंदाज गेले की संघाचे नीतिधैर्य खचते, त्यांत ना नीती असते ना अनीती. मंत्र्याने ‘नैतिक जबाबदारी’ स्वीकारून राजीनामा द्यावा, ही मागणी दर अपघातानंतर होते. १९५६ च्या अरियालूर रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी खरोखरच तसे केले, म्हणून त्यांचे नाव अद्याप घ्यावे लागते. आणि २०१५ पासून हिंदीच्या वाटेने जुना अर्थ ‘नीती आयोग’ या नावाने मराठी वृत्तपत्रांत परतला आहे. तेथे नीती हे एका इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचे रूप असले, तरी कानाला ऐकू येते ती कौटिल्याचीच नीती.

राहता राहिली घटना. पंचविसाव्या अनुच्छेदात धर्मस्वातंत्र्य दिले आहे, पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. ही नीतिमत्ता कोणाची? बहुसंख्याकांच्या रूढीची, की आणखी कशाची? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा सभागृहापुढे मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ग्रीसचा इतिहासकार ग्रोट याचा हवाला देऊन ‘घटनात्मक नीतिमत्ता’ ही कल्पना पुढे ठेवली. ही भावना माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते, आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे, असे त्यांनी परखडपणे सांगितले. त्यांच्या भाषणात मुद्दा होता तो घटनेत प्रशासनाचे तपशील का घातले, एवढ्यापुरता. पुढे सुमारे सत्तर वर्षांनी, ६ सप्टेंबर २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणाऱ्या कलम ३७७ चा तेवढा भाग रद्द केला, तेव्हा समाजाच्या नीतिमत्तेपेक्षा घटनात्मक नीतिमत्ता श्रेष्ठ मानली. सुरतेच्या विजयालक्ष्मीला ज्या मापाने तोलले गेले ते माप आणि हे माप, दोन्ही एकाच शब्दाने ओळखली जातात.

पुढील मालिकेत ‘इमान’ या शब्दाची हकिगत पाहू. कोणाच्या घरी जुने कौलनामे किंवा महजर असतील, तर त्यांत तो कोठे आणि कसा आला आहे, ते अवश्य कळवावे.